वाढत्या अंगाची सायकल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून जवळ आला, की आपल्याकडे शिंप्याला हमखास सांगितलं जातं, ‘गणवेश जरा वाढत्या अंगाचा ठेवा.’ मग बाह्या पंजावर येतात, स्कर्टची दुमड चार बोटं आत शिवलेली असते आणि पोर दिवाळीनंतर कुठे त्या कपड्यांत भरतं. माझं बालपण याच हिशेबात गेलं. सायकलचंही तेच. वडिलांची २४ इंची काळी सायकल आणि दांड्याखालून पाय घालून ती हाणणारे आम्ही. सीटवर बसायला दोन वर्षं लागली. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

हाच हिशेब मी तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या सायकलला लावला. तो चुकला, म्हणून आज हे बोलतो आहे.

मुलगी तेव्हा १४ वर्षांची होती. आम्ही मुलुंडचे, ‘कालिदास’च्या तलावावर ती लहानपणापासून पोहते. शाळेत धावण्यातही बरी. अशा मुलांच्या डोक्यात कुणीतरी ट्रायथलॉन भरवतं. आधी पोहणं, लगेच सायकल, लगेच धावणं. मधे विश्रांती नाही, बूट बदलायला लागलेला वेळसुद्धा घड्याळात धरला जातो. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. ‘स्प्रिंट’ नावाचा प्रकार याच्या बरोबर निम्मा, आणि नवी मुलं सहसा तिथून सुरुवात करतात. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्रज्ञा मोहन आणि संजना जोशी या दोघी भारताकडून ट्रायथलॉनमध्ये उतरल्या होत्या. आमच्या घरी ही नावं क्रिकेटपटूंच्या आधी घेतली जातात.

या तिन्हींत सर्वांत जास्त वेळ सायकलवर जातो, निम्म्याहूनही अधिक. पोहायला पोशाख आणि चष्मा, धावायला बूट; खर्च काय तो सायकलचाच. साधी ॲल्युमिनियमची नवी रोड सायकल घ्यायची, तर आज ढोबळमानाने ३० ते ५० हजारांची तयारी ठेवावी लागते. एवढे पैसे घालायचे, तर निदान चार-पाच वर्षं टिकली पाहिजे, असं मी ठरवलं. दुकानात ५२ नंबरची फ्रेम सवलतीत होती. मुलीची उंची १५८ सेंटीमीटर. ती सायकलवर बसली, तर पाय कसेबसे पोचले. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, पोरगी वाढणारच आहे.’ खरं सांगायचं, तर तो माझ्याच मनातलं बोलला.

दोन महिन्यांत गुडघ्याची वाटी दुखायला लागली. मग मान. मुलीने तक्रार केली नाही; नवी सायकल, बाबांनी एवढे पैसे घातलेले, कशी करणार? फक्त पहाटेचा गजर बंद करून पुन्हा झोपू लागली. मला वाटलं, उत्साह सरला. मग एका रविवारी ऐरोलीच्या पुलावरून उतरताना पुढचा टेम्पो एकदम थांबला आणि तिची बोटं ब्रेकवर वेळेत पोचली नाहीत. पडली नाही, टेम्पोला घासून बाजूला गेली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, ‘बाबा, मी पोहण्यातच राहू का?’

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा पाहिला आणि म्हणाले, आता सायकल दाखवा. ती खाली गाडीच्या टपावरच होती. डॉक्टर वाहनतळावर उतरले, मुलीला सायकलवर बसवलं आणि बाजूने बघत राहिले. दोष मिनिटभरात कळला. हँडल तिच्यासाठी फार लांब होतं. तिथवर हात पोचावेत म्हणून ती सीटच्या टोकावर सरकून बसत होती. त्यामुळे पायडल दाबताना गुडघा पायाच्या पुढे जात होता आणि सगळा ताण वाटीवर येत होता. या वयात हाडं भराभर वाढतात, स्नायूंचे बंध ज्या जागी हाडाला चिकटतात ती जागा कोवळी असते. गुडघ्याखालचं दुखणं मोठ्या माणसापेक्षा मुलांत लवकर उमटतं.

म्हणजे शर्टाचा हिशेब इथे चालत नाही. शर्ट ढगळ झाला, तर फार तर वर्गातली पोरं हसतील. सायकल शरीराला पाच ठिकाणी पकडते, दोन हात, दोन पाय आणि बैठक, आणि त्या स्थितीत पाय तासाला पाच हजार वेळा फिरतात. दोन सेंटीमीटरची चूक पाच हजार वेळा.

माप घरी घेता येतं. मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं करा. जाडसर वही दोन पायांमध्ये, सीटवर बसल्यासारखी दाबून वर धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. आमच्याकडे ते ७३ सेंटीमीटर भरलं. फ्रान्सची मोठी शर्यत तीनदा जिंकणारा अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्या नावाने एक हिशेब प्रसिद्ध आहे. या आकड्याला ०.८८३ ने गुणायचं. पायडल ज्या आसाभोवती फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर हवं. आमचं उत्तर साडेचौसष्ट सेंटीमीटर. हा वेदवाक्य मानायचा आकडा नव्हे, सुरुवात आहे. ताळा करायचा, तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, कंबर हलता कामा नये.

सीट वर-खाली होते, म्हणून उंचीची चूक बरीचशी निस्तरता येते. लांबीची नाही. हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, आखूड लावून दोनेक सेंटीमीटर मिळतात. त्याहून आखूड केला, तर सायकल हातात बुजऱ्या घोड्यासारखी वागते. तेव्हा दुकानात पहिली परीक्षा ही: दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभं राहता येतं का? दुसरी: ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं का, आणि दोन बोटांनी ब्रेक ओढता येतो का? बऱ्याच ब्रेकमध्ये लिव्हर जवळ आणण्याचा बारीक स्क्रू असतो, तो फिरवून द्यायला सांगा. दोन नंबरांत घोळ झाला, तर वाढत्या मुलासाठी लहान नंबर घ्या. लहान सायकलची सीट वर चढते, स्टेम लांब करता येतो. मोठी सायकल लहान होत नाही.

मुलांच्या डोळ्यांसमोर भलतीच सायकल असते. हँडलवर कोपरं टेकून, बाणासारखं वाकून चालवायची, आयर्नमॅनच्या फोटोंतली. ती मागू लागली, तर शांतपणे सांगा, की आयर्नमॅनला वयाची १८ वर्षं पुरी लागतात. ऑलिम्पिक पद्धतीच्या शर्यतीत दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून जायला परवानगी असते, आणि तिथे साधं वळलेल्या शिंगांचं हँडलच लागतं. घोळक्यात जायचं, तर बोटं ब्रेकजवळ हवीत.

आता वजन. दुकानात सायकल एका बोटावर उचलून दाखवतात आणि बाप विरघळतो. हिशेब असा, की मुलगी ५० किलो, सायकल १० किलो, एकूण ६०. कार्बनची घेऊन दीड किलो वाचवलं, तर चढावर अडीच टक्के फायदा, सपाटीवर जवळपास काही नाही. सपाटीवर खरा विरोध हवेचा, आणि हवा अडते ती मुख्यतः माणसाच्या अंगाला, सायकलला नव्हे. नीट मापाच्या साध्या सायकलवर वाकून तासभर बसता आलं, तर महागड्या पण बेमापाच्या सायकलला ती मागे टाकते. गिअर शिमानोच्या ‘क्लॅरिस’ मालिकेचे पुरे. मागे आठ चक्रं असतात, सुटे भाग सहज मिळतात. पुढची चक्रं ५० आणि ३४ दातांची, मागचं मोठं ३० किंवा ३२ चं घ्या. बोरिवलीच्या उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता शेवटी चढतो, तिथे त्या ३२ दातांचे उपकार कळतात. टायर २८ मिलिमीटरचे. आपल्या खड्ड्यांत बारीक टायरची ट्यूब रिमवर चेपून फाटते, आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पंक्चर काढत बसण्यात काही मर्दुमकी नाही. वाचलेल्या पैशातून चांगलं हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि गादीची चड्डी. ट्रायथलॉनमध्ये हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हातही लावू देत नाहीत.

एवढं शिकून आम्ही सेकंडहँड शोधायला लागलो. मुलं वाढतात, त्यामुळे लहान नंबरच्या कमी चाललेल्या सायकली उपनगरांत बऱ्याच मिळतात. पण आपली हवा खारी आणि पावसाळा चार महिन्यांचा. सीटची नळी सैल करून वर-खाली होते का, ते समोर पाहा. घाम आणि मीठ मुरून ती फ्रेममध्ये अशी बसते, की हातोड्यानेही हलत नाही. हँडलच्या मागे, फ्रेमच्या नळ्या जुळतात तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा; सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल कुठेतरी आपटलेली आहे, नमस्कार करून परत या. चेन पट्टीने मोजा. १२ पूर्ण जोड्या बरोबर १२ इंच भराव्यात. अर्धं सूत जास्त असेल, तर नवी चेन घ्यावी लागेल, सूतभर जास्त असेल, तर बहुधा मागची चक्रंही गेली, तेवढे पैसे कमी करून मागा. जुनी कार्बनची मात्र घेऊ नका. तिची चीर रंगाखाली लपते.

आमची सायकल बोरिवलीला मिळाली. ४८ नंबर, ॲल्युमिनियम, मालक १७ वर्षांचा, ताडासारखा वाढलेला मुलगा. त्याने सीटच्या नळीवर आपल्या उंचीची खूण म्हणून काळी चिकटपट्टी लावली होती. ‘काका, ही काढून टाका,’ म्हणाला. मुलीने ती राहू दिली आणि वर, साडेतीन सेंटीमीटरवर, स्वतःची लाल पट्टी लावली. ५२ नंबरची आम्ही घाट्यात विकली. घाटा किती, हे घरात मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

दर तीन महिन्यांनी भिंत, वही आणि पट्टी निघते. गेल्या महिन्यात लाल पट्टी आणखी अर्धा सेंटीमीटर खाली आली. आता काळीपर्यंत एक सेंटीमीटर उरलं आहे, आणि आमच्या मजल्यावरची एक बारा वर्षांची मुलगी आत्तापासूनच सायकलपाशी घुटमळते.