गोऱ्हेशास्त्र्यांचं पत्र

रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या ताटातुटीची वर्षं या आठवड्यात सांगतो, असं कबूल केलं होतं. ती थांबू द्यात. आष्टी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते बाजूला सारून पुढं जाणं मला जमेना.

पत्र पाच पानी आहे, थोडक्यात सांगतो. घरातली तिसरी ख्रिस्ती पिढी. रविवारची उपासना चुकत नाही, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेलाही घरातले जातात. पण अलीकडे प्रार्थनेला बसलं की ओठ हलतात, आत काही हलत नाही. येशू चांगला माणूस होता हे पटतं, तो देव होता इथं गाडी अडते. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, उपास धरा. मंडळीतल्या एका भावानं हे सैतानाचं काम आहे म्हणून हात ठेवून प्रार्थना केली. आता हे गृहस्थ कुणाला काही विचारत नाहीत. शेवटी मला दोन प्रश्न टाकलेत. एक, जावं कुणाकडे? दुसरा जरा रागातच विचारलाय: तुमच्या लेखमालेत सगळे शास्त्री-पंडितच का? आमच्या पणज्यानं सहा दर्शनं वाचून बाप्तिस्मा घेतला नव्हता.

दुसऱ्याचं उत्तर आधी. राग रास्त आहे. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या पट्ट्यात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतली बहुतेक घरं महार आणि मांग समाजांतली. मागच्या खेपेला आपण जालन्याजवळच्या बेथेलला होतो, तिथंही नारायण शेषाद्री हा ब्राह्मण पाळक सोडला तर मंडळी तीच. त्यांनाही शंका आल्याच असणार. पण त्या शंका लिहून ठेवायला अक्षर नव्हतं, आणि ज्यांना ते होतं त्यांनी यांच्या शंका टिपल्या नाहीत. मिशनच्या अहवालांत आकडे येतात, मन येत नाही. म्हणून मी पंडितांकडे जातो. तिथं कागद आहे.

आता पहिला प्रश्न. त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे परत जावं लागेल. चरित्र पुन्हा सांगत नाही, नेहमीच्या वाचकांना ते पाठ आहे. मला हवीत ती 1883 ते 1886 एवढीच वर्षं, इंग्लंडमधली. वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे त्या राहायला गेल्या. पुण्यात ज्यांचं पंचहौद मिशन, त्याच या सिस्टर. (पंचहौद म्हटलं की आपल्याला फक्त 1890 चं चहाप्रकरण आठवतं, आणि लोकमान्य टिळक-रानड्यांच्या प्रायश्चित्ताचा घोळ. त्या चहाच्या आधीपासून तिथं बरंच काही चाललेलं होतं, पण कपातून मान वर काढून बघतो कोण?) रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. पण कानानं दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं आणि वैद्यकी सुटली. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथंच आत्महत्या केली. त्यानंतर 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी आणि त्यांच्या लहानग्या लेकीनं, मनोरमेनं, बाप्तिस्मा घेतला.

इथं चरित्रकार पान उलटतात. बाप्तिस्मा झाला, म्हणजे प्रश्न मिटला. रमाबाईंचे प्रश्न तिथून सुरू झाले. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या, स्वतः शिकत होत्या, आणि वाँटेजला सिस्टर जेराल्डिनकडे पत्रांवर पत्रं जात होती. त्रैक्य शास्त्रात नेमकं कुठं सांगितलंय? अथनेशियन मतांगीकार (श्रद्धेची चर्चनं ठरवलेली कबुली) न मानणाऱ्याचा नाश होतो, हे कुणी ठरवलं? कुमारीच्या पोटी जन्म झाला, हे मानल्याशिवाय ख्रिस्ती होता येत नाही काय? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, ती भाषा माझ्या लोकांना कळत नाही, संस्कृत का नको? पुडिंगात अंडं असतं म्हणून ते खाणार नाही, यावरूनसुद्धा पत्रव्यवहार आहे.

सिस्टर जेराल्डिन बाई वाईट नव्हती. मनोरमा तिला आजीबाई म्हणायची, आणि रमाबाईसुद्धा कडाक्याच्या भांडणाच्या पत्रांची सुरुवात आजीबाई म्हणूनच करायच्या. पण तिचं उत्तर बहुतेक एकाच वाटेनं जातं: हा तुझा अभिमान आहे. तू नवीन आहेस. चर्चनं ठरवलेलं मान, समज मागून येईल. रमाबाई तिला कळवतात की पुरोहितांचं एक जू मानेवरून मोठ्या कष्टानं उतरवलं, आता दुसरं चढवून घेणार नाही. चर्चची सभासद आहे, पण बिशपांच्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द मानायला बांधलेली नाही. बिशपांचं नाव उगीच आलेलं नाही. ही विधवा बाई मुलग्यांना शिकवणार असं कळताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली होती.

मला या पत्रांत वर्षानुवर्षं एक गोष्ट खटकत आलीय. जेराल्डिनला रमाबाईंची भाषा उद्धट वाटते. आपल्याला ती ओळखीची वाटते. शास्त्रात मुरलेल्या घरातली ही बाई. तिथं पूर्वपक्ष जितका कडक मांडाल, तितका समोरच्याचा मान. मिळमिळीत शंका काढणं हाच अपमान. आमच्या अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांचा विवेकसिंधु उघडा. तिथं शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो, विचारलंस का म्हणून कुणी रागावत नाही. रमाबाई वाँटेजला हेच करत होत्या. त्यांचा पूर्वपक्ष पुरा मांडून झाला होता, त्या उत्तरपक्षाची वाट बघत होत्या. वाँटेजहून मात्र उत्तराऐवजी स्वभावावर शेरे येत होते.

उत्तरपक्ष आला तो हिंदुस्थानातून, नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांकडून. फादर नेहेमिया गोऱ्हे. माझा हा आवडता माणूस आहे आणि मराठी वाचकानं त्याला फार स्वस्तात विसरून टाकलंय, म्हणून थोडा रेंगाळतो.

1825 चा जन्म, झाशीकडचा. कोकणातून तिकडं गेलेलं चित्पावन घराणं, वाढ काशीत. जॉन म्यूर यांनी मतपरीक्षा नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मत श्रेष्ठ ठरवलं, तेव्हा त्याचं खंडन करणाऱ्यांत हा विशीतला पोरगा होता. ग्रंथाचं नाव शास्त्रतत्त्वविनिर्णय, साल 1844. विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याला वादात चीत करायला गेला, त्याच्याकडून बायबल घेऊन आला, आणि पुढची काही वर्षं त्याची झोप उडाली. 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा. पुढं षड्दर्शनदर्पण लिहून सहाही दर्शनांचं खंडन केलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी लढलेला मल्ल. पण तो मधेच, 1854 मध्ये, महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेला, लंडन बघितलं आणि हबकला. हेच जर ख्रिस्ती लोकांचं राज्य असेल तर मी परत जातो, अशा अर्थाचं तो बोलल्याची आठवण मॅक्स म्यूलर यांनी लिहून ठेवलीय.

आणि हे अडखळणं आयुष्यभर चाललं. म्हातारपणीसुद्धा शंका त्यांना सोडत नव्हत्या. काउली फादर या धर्मबंधूंच्या संघात ते 1876 च्या सुमाराला दाखल झाले, पण अखेरच्या शपथा शेवटपर्यंत घेतल्या नाहीत. 1895 मध्ये वारले ते उमेदवार म्हणूनच. एखाद्या मंडळीनं अशा माणसाला व्यासपीठावर साक्ष द्यायला बोलावलं असतं काय? मला शंका आहे.

रमाबाईंनी त्यांना पुण्यात पाहिलं होतं. त्या ब्राह्मो समाजाच्या वाटेनं आलेल्या, एक ईश्वर मानणाऱ्या, अवतार आणि चमत्कार नको म्हणणाऱ्या. गोऱ्ह्यांचा ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी लोकांशी जुनाच वाद होता. त्यांचं म्हणणं असं की देव दयाळू बाप आहे, तो पश्चात्तापी माणसाला जवळ घेतो, ही कल्पना तुम्ही निव्वळ बुद्धीनं काढली असं सांगता, पण ती तुमच्या शास्त्रांत नाही आणि बुद्धीतून आपोआप उगवतही नाही. मग आली कुठून? पटो न पटो (मला सगळं पटत नाही, प्रार्थनासमाजींनी तुकोबांकडे बोट दाखवलं असतं), पण हा वाद रमाबाई जिथं उभ्या होत्या तिथं जाऊन केलेला आहे. आधी इकडं ये मग सांगतो, असा नाही. या शास्त्र्याच्या शब्दांनी आपल्याला हलवलं, इतरांना ते जमलं नसतं, असं रमाबाईंनी पुढं मान्य केलं.

चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांचंही नाव इथं घ्यायला हवं. वाँटेजला कळवून त्या बजावत होत्या की या बाईला दडपू नका, विचार करू द्या. बीलबाई स्वतः नुकत्याच श्रद्धेच्या मोठ्या काळोखातून बाहेर आलेल्या होत्या. म्हणजे रमाबाईंना ज्या दोघांचा उपयोग झाला, ती दोघंही स्वतः ठेचकाळलेली. आष्टीच्या वाचकाला मी हेच सांगेन: ज्याला कधी शंका आलीच नाही असा माणूस चांगला असेल, प्रेमळ असेल, आजीबाईसारखा आयुष्यभर पत्रंही लिहील, पण तुमच्या या कामाचा नाही. पाळकसाहेबांनी उपास सांगितला, त्याआधी त्यांना एवढंच विचारा की तुमची गाडी कधी अडली होती का. ते गप्प बसले किंवा हसले, तर तिथंच बसा. रागावले तर उठा. आणि माणूस जवळपासच हवा असं नाही. रमाबाईंचे कान गेले होते आणि गुरू समुद्रापलीकडे होता, काम पत्रानं झालं.

मात्र गोऱ्ह्यांच्या पत्रानं सगळं मिटलं, असं सांगितलं तर ती फसवणूक होईल. 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना रमाबाई म्हणतात की बाप्तिस्म्यानं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला 1891 च्या सुमाराला, त्यांची शारदा सदन ही शाळा सुरू झाल्यावर, हाती शिकणाऱ्या विधवा मुली असताना. बाप्तिस्म्यापूर्वी त्यांचं मन जिथं पहिल्यांदा वळलं, ती जागाही वादाची नव्हती. लंडनजवळ फुलहॅमला सिस्टरांनी बहकलेल्या म्हणून टाकलेल्या बायकांसाठी घर चालवलं होतं. ते बघून रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. योहान, अध्याय चौथा. म्हणजे जेराल्डिनच्या संघानं रमाबाईंना काही दिलंच नाही असं नाही. फुलहॅमनं जे दिलं, ते वाँटेजच्या पत्रांना देता आलं नाही, एवढंच.

जेराल्डिनच्या बाजूनं आणखी एक. ही सगळी पत्रं तिनंच जपली आणि लावून ठेवली. ज्यांत ती स्वतः संकुचित दिसते, तीसुद्धा फाडली नाहीत. 1977 मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ती इंग्रजीत छापली. जुन्या ग्रंथालयांत प्रत सापडते. अंबाजोगाई, बीडकडच्या वाचकांनी आपापल्या ग्रंथपालांना जरा त्रास द्यावा.

टिळक पुढच्या रविवारी, आता चुकवत नाही. तिथला पेच याच्या उलटा आहे. रमाबाई गुरू शोधत होत्या. लक्ष्मीबाईंना गुरू नकोच होता, आणि जो शिकवायला उत्सुक होता तो त्यांचा नवरा, ज्याच्या बाप्तिस्म्यानं घर मोडलं होतं. त्या मुलाला, दत्तूला, घेऊन पंढरपुरात बहिणीकडे, आणि टिळक नगरला.