गाडीतल्या रेडिओची केबल घरीच जोडा

जालन्यातल्या हॅम मंडळींनो, आयकॉमच्या जुन्या मोबाइल सेटसाठी तयार प्रोग्रामिंग केबल मागवण्याआधी हे वाचा. यूएसबी-टीटीएल बोर्ड, १एन४१४८ डायोड, ३.५ मिमीची पिन आणि हातभर शिल्डेड वायर, बस्स. बोर्ड गावात नाही मिळाला तर संभाजीनगर साठेक किलोमीटरवर आहेच.

यातल्या बऱ्याच सेटमध्ये माहिती एकाच तारेवरून येते-जाते. ती तार (बहुधा पिनच्या टोकाला असते, तरी सर्व्हिस मॅन्युअल बघाच) बोर्डाच्या आरएक्सला थेट जोडा. टीएक्सला मात्र डायोडमधून, काळी पट्टी टीएक्सकडे. पट्टी उलटी लागली तर सेट ढिम्म हलत नाही. शिल्ड ग्राउंडला. संगणकाचा जुना नऊ पिनांचा पोर्ट थेट लावू नका. त्याचे उणे-अधिक व्होल्ट सेटला झेपत नाहीत.

प्रोलिफिकच्या नकली चिपच्या नादी लागू नका, विंडोजचा नवा ड्रायव्हर तिला ओळखच देत नाही. अस्सल एफटीडीआय घ्या.

सेटमध्ये चॅनेल भरायचं चर्प सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी सेटमधली मूळ फाइल उतरवून जपून ठेवा, मगच चॅनेल भरा. आपला दोन मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. त्याबाहेर, किंवा परवाना हातात नसताना, पीटीटीला बोट लावायचं नाही.