सोलापुराकडील माळवदी घर

शेतकऱ्याचें दगडी घर म्हटलें कीं इंग्रजी चित्रांतलें उतरतें छप्पर आणि धुराडें आपल्या डोळ्यांपुढें येतें. तें घर पावसाला आणि थंडीला भिऊन बांधलेलें असतें. सोलापुराकडील घराला भीति उन्हाची. वर्षाकांठीं सुमारें ५५० मिलिमीटर पाऊस आणि वैशाखांत चाळीस अंशांवर चढणारा पारा! अशा मुलखांत छप्पर सपाट झालें यांत नवल नाहीं.

या छपरालाच माळवद म्हणतात. लांकडी खांबांवर तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यांवर पाला किंवा चिपाडें आणि मग मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. वरची माती मात्र पांढरीच हवी. शेतांतली काळी माती उन्हानें भेगाळते. पांढरी भिजली कीं दाटून बसते आणि पाणी खालीं उतरूं देत नाहीं. गांवठाणाला 'पांढरी' म्हणण्याची आपली जुनी रीत येथें आठवावी. किंचित् उतार देऊन पाणी पन्हळींतून बाहेर काढलें कीं काम झालें.

घराचें माप खणांत सांगतात. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. भिंती दोन-तीन फूट रुंद, खिडक्या जवळजवळ नाहींत. उजेड येतो व धूर जातो तो माळवदांतील साण्यांतून. पाहुण्यांची बैठक दाराजवळच्या ढाळजेंत, धान्य भिंतीलगतच्या बळदांत. जाड दगड दिवसाची उष्णता सावकाश शोषतो आणि रात्रीं बाहेर टाकतो. म्हणूनच उन्हाळ्यांत सारें घर माळवदावर निजतें.

या घराचा दोषहि सांगितला पाहिजे. भिंत दिसते एक, पण असतात दोन : आंतली व बाहेरची, आणि मध्यें माती व दगडगोटे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां लातूर-उस्मानाबाद भागांतील अशाच भिंती फुटून कोसळल्या. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. लोकांनीं दोष माळवदाला दिला. वर्षानुवर्षें जुना थर न काढतां नवी माती चढवीत गेल्यानें त्याचें ओझें भयंकर वाढलें होतें, हें खरें. परंतु अनेक घरांत भिंती पडूनहि खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हेंहि तितकेंच खरें. सुतारानें आपलें काम चोख केलें होतें. उणीव होती ती भिंतीचे दोन्ही पदर जोडणाऱ्या आरपार दगडांची.

आपल्यापैकीं पुष्कळांचा गांवाकडे वाडा असेल, आणि तो पाडून स्लॅब टाकण्याचा विचारहि घरांत चालला असेल. त्यापूर्वीं जाणत्या इंजिनियराला तो दाखवावा. माळवदावरील जादा माती उतरवितां येते. भिंतींत सुमारें तीन-तीन फुटांवर आरपार भोंक घेऊन त्यांत लोखंडी सळई बसवितात व काँक्रीट भरतात; दोन्ही पदर एकमेकांना बांधले जातात. हें काम एका बाजूनें थोडें थोडें करीत जावें, एकाच वेळीं सारी भिंत पोखरूं नये.