नेट आहे, पण पान उघडत नाही

महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅककडे जो अहवाल जातो, त्यात दर संगणकामागे किती विद्यार्थी हे विचारलेले असते आणि इंटरनेट जोडणीचा वेग किती हेही विचारलेले असते. एआयसीटीईच्या मान्यतेच्या कागदपत्रांतही यंत्रांची संख्या आणि बँडविड्थ हे दोन रकाने चुकत नाहीत. दोन्ही आकडे मोजायला सोपे. यंत्रे डेड स्टॉक रजिस्टरात चढवलेली असतात, वेग कंपनीच्या बिलावर छापलेला असतो. हे रकाने भरून पाठवले की संस्थेत ‘नेट आहे’ असे ठरते. गेल्या तीसेक वर्षांचा मागोवा घेतला तर मात्र दिसते ते वेगळेच. लॅबमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय मिळाले, हे वरचेवर ठरवले ते तिसऱ्याच गोष्टीने, म्हणजे त्या यंत्रावर कोणता ब्राउझर, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणत्या मांडणीत बसवला होता याने. त्याचा रकाना कुठेच नव्हता. त्यामुळे त्याची जबाबदारीही कुणाकडे नव्हती.

सुरुवातीच्या काळाबाबत हे म्हणणे पटणार नाही, कारण तेव्हा अडचण उघडउघड तारेची होती. अर्नेट या शिक्षण-संशोधन जाळ्याचे काम 1986 मध्ये सुरू झाले ते पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतली एनसीएसटी आणि दिल्लीतला केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा मोजक्या ठिकाणांना धरून. पुढे 1989 मध्ये मुंबईच्या एनसीएसटीतून अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत जी कायमची जोडणी मिळाली, तिचा वेग 9.6 केबीपीएस होता. एवढ्या बारीक वाटेने ईमेल जात असे, हेच पुष्कळ. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि माझा मुद्दा पहिल्यांदा दिसतो तो इथे. निगमच्या खात्यांचे दोन मुख्य प्रकार होते. महागड्या टीसीपी-आयपी खात्यावर ग्राहकाच्या संगणकावरचा नेटस्केप चालत असे, चित्रे दिसत असत. विद्यार्थ्यांना परवडणारे होते ते शेल खाते. त्यात ब्राउझर चालायचा निगमच्या यंत्रावर, तोही लिंक्स नावाचा, फक्त मजकूर दाखवणारा. मोडेम तोच, टेलिफोनची तार तीच, एक्स्चेंजही तेच. एकाला चित्रमय जग दिसत होते आणि दुसऱ्याला काळ्या पडद्यावरची अक्षरे. हा फरक तारेने केला नव्हता, दरपत्रकाने केला होता, आणि दरपत्रकाने तो ब्राउझरमार्फत केला होता.

त्या वेळच्या ब्राउझरला निदान तारेची जाण होती, हेही सांगायला हवे. नेटस्केपमध्ये चित्रे आपोआप उतरवणे बंद करता येत असे आणि ज्यांना मिनिटामिनिटाचे पैसे मोजावे लागत, ते ती सोय वापरत. महाविद्यालयांनी पुढे स्क्विडसारखे प्रॉक्सी बसवले. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सीचा पत्ता आणि 3128 किंवा 8080 हा पोर्ट टाकला की एकाने उघडलेले पान दुसऱ्याला कॅशमधून मिळे. चाळीस मुलांची लॅब 64 केबीपीएसवरही कशीबशी चालू शकत असे ती याच हिशेबावर. म्हणजे तार बारीक होती हे खरे, पण त्या तारेतून किती निघेल हे तारेच्या टोकाला काय लावले आहे यावर अवलंबून होते.

मराठीपुरते बोलायचे तर हा मुद्दा वादाचाच राहत नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 1991 पासून, जागा होती. विंडोज 2000 बरोबर मंगल हा फॉन्ट आला. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खासगी फॉन्टवर चालत होती. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये चिकटवला की निव्वळ कचरा. फॉन्ट उतरवून घेण्याचा त्रास वाचावा म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ आले, तर त्यांच्याही दोन जाती निघाल्या. मायक्रोसॉफ्टची जात इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले, दुसरी जुन्या नेटस्केपमध्ये, आणि 2004 च्या अखेरीस फायरफॉक्स आला तेव्हा त्याच्यात दोन्ही चालत नसत. खासगी फॉन्टमधला मजकूर वाचतावाचता युनिकोडमध्ये बदलून दाखवणारे ‘पद्मा’ नावाचे एक्स्टेन्शन फायरफॉक्ससाठी कुणीतरी लिहिले म्हणून त्या वाचकांची सोय झाली. एरवी वृत्तपत्र होते, जोडणी होती, संगणकही होता, फक्त वाचता येत नव्हते.

युनिकोडने हे सगळे संपवले असे आज वाटते, पण लॅबमध्ये ते लगेच संपले नाही. विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांसाठीचा घटक वेगळा बसवावा लागत असे. कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकटीवर खूण करायची, मग यंत्र एक्सपीची सीडी मागणार. लॅबमधल्या विद्यार्थ्याकडे ना सीडी असे, ना ॲडमिनचा पासवर्ड. ती खूण नसली की फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरे फुटत. त्याच यंत्रावर एक्सप्लोरर तोच मजकूर पुष्कळदा धड दाखवी. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. त्याच्या पहिल्या काही वर्षांत तो महाराष्ट्रातल्या किती लॅबमध्ये नीट वाचता आला असता, याचे उत्तर बँडविड्थच्या रकान्यात सापडणार नाही. याहून बोलका दाखला मोबाइलचा आहे. पुष्कळ साध्या नोकिया फोनांवर देवनागरी पाने दिसत नसत, चौकोन दिसत. त्याच फोनवर ऑपेरा मिनी घ्यायचा, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहायचे आणि क्लिष्ट लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू करायचा. मग ऑपेराचे सर्व्हर मराठी अक्षरे चित्ररूपात पाठवत आणि टूजीवर, लहानशा पडद्यावर, मराठी पान उघडे. यंत्र बदलले नाही, तार बदलली नाही. ही युक्ती हॉस्टेलच्या खोल्यांमधून तोंडोतोंडी पसरत असे, कोणत्याही अभ्यासक्रमात ती नव्हती.

अभ्यासक्रमात होता तो एक्सप्लोररचा निळा ‘ई’. एमकेसीएल 2001 मध्ये स्थापन झाले, त्याच्या पाठोपाठ एमएस-सीआयटी हा त्याचा संगणक-अभ्यासक्रम आला आणि गावोगावच्या केंद्रांतून लाखो लोक विंडोज, ऑफिस आणि इंटरनेट शिकले. त्या कामाचे मोल मोठे आहे. पण त्या पिढीला इंटरनेट म्हणजे डेस्कटॉपवरचा तो निळा ‘ई’ असेच वाटत राहिले, यात त्यांचा दोष नाही. 2001 च्याच ऑगस्टमध्ये आलेला एक्सप्लोरर 6 आणि त्याच्या मागोमाग आलेला एक्सपी यांची जोडी लॅबमध्ये जी बसली ती उठायलाच तयार नव्हती. सरकारी आणि विद्यापीठीय संकेतस्थळांच्या तळाशी ‘एक्सप्लोरर 6 आणि 800 गुणिले 600 वर उत्तम दिसेल’ अशा अर्थाची ओळ असे. संकेतस्थळ करणारा त्या ब्राउझरसाठी करी आणि लॅब ते संकेतस्थळ चालावे म्हणून तोच ब्राउझर ठेवी. त्यात भर म्हणजे डीप फ्रीझ. विद्यार्थ्यांनी यंत्र बिघडवू नये म्हणून बसवलेले हे सॉफ्टवेअर, यंत्र पुन्हा चालू केले की सगळे बदल पुसून टाकते. व्हायरसवर उपाय म्हणून ते चोख होते. पण ब्राउझरने दुपारी उतरवलेले अपडेटही त्यात पुसले जाई, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधले प्रत्येक यंत्र तेच अपडेट पुन्हा उतरवू लागे. मग तक्रार कशाची होणार? नेट स्लो असल्याची.

मार्च 2010 मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली, 5,990 कोटी रुपयांची, दीड हजार संस्था जोडण्यासाठी. त्याच्या आगेमागे केंद्राच्या शिक्षण अभियानातून विद्यापीठांना एक जीबीपीएसपर्यंतच्या जोडण्या द्यायचे ठरले होते. तारेचा प्रश्न मोठ्या संस्थांपुरता तरी सुटू लागला. नेमक्या याच अभियानातून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उभ्या राहिल्या. उपकरणे नसलेल्या महाविद्यालयांना पडद्यावर प्रयोग करता यावेत, ही कल्पना उत्तम होती. त्यांतले बरेच प्रयोग फ्लॅश आणि जावा ॲपलेटमध्ये लिहिलेले होते. क्रोमने 2015 मध्ये जुन्या पद्धतीचे प्लगइन काढून टाकले, 2017 मध्ये फायरफॉक्सनेही फ्लॅश सोडून बाकीचे काढले आणि 2020 संपताना फ्लॅशही गेले. सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय बरोबरच होता. पण एक जीबीपीएसची जोडणी असलेल्या संस्थेतसुद्धा प्रयोगाच्या जागी करडा चौकोन दिसू लागला. ते प्रयोग नव्याने एचटीएमएल 5 मध्ये लिहावे लागले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने मात्र धडे सीडीवरून, नेटशिवाय चालतील असेच आखले होते. त्या वेळी ते जरा जुनाट वाटले असेल, पण ब्राउझरच्या उलथापालथीची झळ त्यांना सगळ्यांत कमी लागली.

यावर एक रास्त आक्षेप असा की हे सगळे जुन्या यंत्रांचे दुखणे आहे. नवी यंत्रे घ्या, ब्राउझर आपोआप नवा येईल. थोडे खरे आहे. क्रोम 2008 मध्ये आला तो प्रत्येक टॅबला वेगळी प्रक्रिया देणारी रचना घेऊन. एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचतात, पण 512 एमबी रॅमच्या यंत्राला ते झेपत नसे. तरीही यंत्र कधी म्हातारे झाले हे कोण ठरवते ते पाहिले पाहिजे. क्रोमने एप्रिल 2016 मध्ये एक्सपी सोडला, फेब्रुवारी 2023 मध्ये विंडोज 7 सोडला. त्या दिवशी कोअर टू ड्युओच्या यंत्रातला एकही भाग बिघडला नव्हता. त्यावर लिनक्स टाकले, जमल्यास एसएसडी बसवली, तर तेच यंत्र चालू ब्राउझरसह आणखी काही वर्षे काढते. काही वेळा तर दुखणे त्याहूनही क्षुल्लक असते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर 2032 बॅटरी संपली की घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही आणि ब्राउझर प्रत्येक सुरक्षित पान धोकादायक म्हणून अडवतो. निर्लेखनाच्या यादीत अशी यंत्रे गेलीच नसतील असे म्हणवत नाही. 30 सप्टेंबर 2021 रोजी लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे ज्याच्या आधारावर चालत ते एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा अपडेट बंद ठेवलेल्या जुन्या यंत्रांवर असंख्य संकेतस्थळे एकाएकी उघडेनाशी झाली. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ ठेवतो, त्यामुळे त्याच यंत्रावर तो मात्र चालत राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अडवणूक ब्राउझरची नव्हती, परवानगीची होती, असे कुणी म्हणेल. आयआयटी मुंबईने 2007 मध्ये हॉस्टेलमधले इंटरनेट रात्रीचे बंद ठेवायचे ठरवले होते. सायबरोमसारख्या फायरवॉलचे लॉगिन पान हे तर भारतीय कॅम्पसचे प्रवेशद्वारच झाले. कोणते संकेतस्थळ चालेल, कोणते नाही, हे सर्व्हर रूममध्ये ठरे. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु परवानगी राबवण्याची यंत्रणासुद्धा ब्राउझरशी बांधलेली निघाली. संकेतस्थळे एचटीटीपीएसवर गेली तशी प्रॉक्सीची कॅश निकामी होत गेली, कारण कुलूपबंद मजकूर मधला सर्व्हर साठवू शकत नाही. लॉगिनचे पानही अडखळू लागले, कारण सुरक्षित पान मागणाऱ्या ब्राउझरला मध्येच भलतीकडे वळवले की तो ते हल्ला समजतो. मुद्दाम एखादे कुलूप नसलेले संकेतस्थळ उघडायचे म्हणजे लॉगिनचे पान येते, ही माहिती लॅब असिस्टंटला असे. नियमपत्रकात ती कुठेही नसे.

तिसरा आक्षेप फोनचा. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आले, प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात चालू आवृत्तीचा ब्राउझर आला, आता लॅबची पर्वा कशाला? वाचनापुरते हे बरोबर आहे, आणि मराठी वाचनाची तर त्याने कायमची सोय केली. पण कोड लिहिणे, मोठी माहिती तपासणे, प्रवेशाचा भलामोठा अर्ज भरणे यांसाठी पडदा आणि कीबोर्ड लागतोच. उलट आता लॅबची किंमत वाढली आहे. गूगल कोलॅब 2017 मध्ये सर्वांना खुले झाल्यापासून साध्या यंत्रावरचा चालू ब्राउझर दूरच्या जीपीयूवर गणित करून आणतो. जुना ब्राउझर असेल तर शेजारचे यंत्र कितीही ताकदीचे असले तरी ते दार उघडत नाही.

तेव्हा मूल्यांकनाच्या अहवालात एक रकाना वाढवावा: चालू आवृत्तीचा ब्राउझर किती यंत्रांवर आहे आणि तो अद्ययावत ठेवण्याचे काम कुणाच्या नावावर आहे. खर्च जवळजवळ शून्य आहे. संस्थांसाठी फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती मिळते, डीप फ्रीझमध्ये अपडेटसाठी ठरावीक वेळ मोकळी ठेवता येते. अडचण माणसाची आहे. हे काम ज्याने करायचे त्या लॅब असिस्टंटचे पद अनेक महाविद्यालयांत रिकामे किंवा तासिका-कंत्राटावर असते, आणि यंत्रखरेदीला निधी मिळतो तसा पगाराला मिळत नाही. जानेवारी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमच्याच इंजिनावर गेला, आणि संस्थांच्या संकेतस्थळांच्या तळाशी पुन्हा एका ब्राउझरचे नाव दिसू लागले आहे. या वेळी ते क्रोमचे आहे.