दगड बघून घ्यावा

सकाळी ६.१०, कुरार गाव, मालाड पूर्व

सायकल चाळीच्या बोळात, नळाच्या पाइपला साखळीने बांधलेली. धारवाले मामा कुलूप काढतात आणि आधी पट्टा चाचपतात. मागच्या चाकाला एक जादा रिम जोडलीय. तिच्यावरून पट्टा वर येतो आणि दांड्यावरचं धारेचं चाक फिरवतो. हे चाक कारखान्यातलं. कुरुंदासारखी कडक भुकटी मातीत घट्ट करून भट्टीत भाजलेली. साडेतीनशेला मिळतं, चार-पाच महिने जातं.

हँडलला एक कापडी पिशवी लटकतेय. तिच्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले तीन दगड. मी आलोय ते त्यांच्यासाठी.

"ते नंतर," मामा म्हणतात. "आधी धंदा."

७.३०, वेसावे

बाजाराच्या तोंडाशी सायकल स्टँडवर चढते. हाळी द्यावी लागत नाही. कोळणी स्वतःच विळ्या आणि कोयते आणून ठेवतात. विळीचे तीस, कोयत्याचे चाळीस.

"मामा, मागच्या टायमाला दोन दिसात बोथट झाला!"

"मावशी, सुरमई कापलीस का फरशी?"

पायडल सुरू होतं, ठिणग्या उडतात. कोयत्याची एक बाजू झाली की मामा धारेवरून अंगठा आडवा फिरवतात, कधीच लांबीने नाही. दुसऱ्या अंगाला लोखंडाची बारीक किनार उलटलेली लागते. ती लागली म्हणजे पातं शेवटपर्यंत घासलं गेलं. मग दुसरी बाजू. शेवटी पिशवीतला पहिला दगड निघतो. खरबरीत, विटकरी रंगाचा, तळहाताएवढा. कोयत्यावरून चार हात, उलटलेली किनार मोडते, काम संपलं. बाकीचे धारवाले हे चार हात मारत नाहीत. मामांनी त्याचे जादा पैसे कधी लावले नाहीत, आणि कोणी विचारलंही नाही.

तीनशे दहा रुपये जमतात. एकीने पैशांऐवजी मांदेलीचा वाटा दिला. तो पिशवीत टाकून हँडलच्या दुसऱ्या बाजूला, दगडांपासून लांब.

९.३०, डी. एन. नगर

सोसायटीच्या गेटवर वॉचमन सायकल आत घेऊ देत नाही. इंटरकॉमवरून निरोप जातो. मग सुऱ्या खाली येतात, वर्तमानपत्रात गुंडाळून, बहुतेक घरकामाच्या बाईच्या हातून. सुरीचे वीस. प्लास्टिकच्या मुठीची नवी सुरी चाळीसला मिळते, हे बाईलाही माहीत आहे आणि मामांनाही. घासाघीस पंधरावर येऊन थांबते.

पातळ सुरी चाकावर जास्त वेळ धरली की टोकाशी निळसर झाक येते. "पाणी उतरलं," मामा म्हणतात. तापल्यामुळे लोखंडाचा कडकपणा गेला, आता तिथे धार टिकणार नाही. म्हणून ते दर दोन घासांनंतर सुरी डब्यातल्या पाण्यात बुडवतात. घाईचा धारवाला बुडवत नाही. एकशे ऐंशी रुपये.

११.१५, आंबोली, एक सलून

इथे काम मुख्यतः कात्र्यांचं. गिऱ्हाइकाच्या दाढीला आता वस्तरा लागत नाही. नव्वदीनंतर एड्सची धास्ती आली आणि ब्लेड गिऱ्हाइकासमोर मोडून अर्धं पात्यात सरकवायची रीत पडली. पण मालकांच्या खणात वडिलांच्या धोकटीतला वस्तरा आहे. स्वतःची दाढी ते त्यानेच करतात. दोन-तीन महिन्यांनी तो मामांच्या हातात येतो, आणि मामा चाकाकडे बघतही नाहीत.

तिसरा दगड निघतो. हिरवट राखाडी, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. मधून किंचित खोलगट झालाय. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून मामा तो आधी सपाट घासतात. दगड वाकडा तर धार वाकडी.

दगडावर चार थेंब पाणी. ते शोषलं जात नाही, मण्यासारखं उभं राहतं. वस्तरा आडवा ठेवतात, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. सुरीचा कोन हाताने धरावा लागतो. वस्तऱ्याचा कोन घडवणाऱ्याने पाठीच्या जाडीतच ठरवून दिलेला असतो. हाताने फक्त दाब द्यायचा नाही. धार पुढे ठेवून ढकलायचं, टोकाला पोचलं की पाठीवर उलटवायचं, परत यायचं. धारेवर उलटवलं की सगळं मुसळ केरात.

पाणी काळपट होतं. मामा बोलायचे थांबतात, सलूनमधला टीव्ही मात्र चालूच. बराच वेळ काहीच बदलत नाही. मग धारेच्या पुढे ढकललं जाणारं पाणी अचानक पात्यावर चढायला लागतं.

"बघितलं? आता बसला."

धार दगडाला इतकी चिकटून चाललीय की पाण्याला खालून जायला जागाच नाही. त्यानंतर चामोटी. तिच्यावर उलटी चाल, पाठ पुढे, धार मागे. मालक मनगटावर वस्तरा टेकवतात. केस आवाज न करता पडतात.

चाळीस मिनिटं, दीडशे रुपये, चहा मालकांकडून. तेवढ्या वेळात गेटवर आठ-दहा सुऱ्या झाल्या असत्या.

दुपारी १.३०, गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी

भाकरी आणि लसणाची चटणी. डोक्यावर दोनशे फूट उंच काळा कातळ, वर गावदेवीचं देऊळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा सुळका बघायला लोक लांबून येतात. मामांचा शेरा वेगळा: "पाटा-वरवंट्याचा दगड. मिरची वाटेल, वस्तऱ्याला चावणार नाही."

त्यांचं बरोबर आहे. लोखंड खायला दगडात गारेसारखे कडक कण लागतात, आणि आपल्या काळ्या कातळात गार जवळजवळ नसते. असते ती पोकळ्यांत पांढऱ्या खड्यांबरोबर साकळलेली. अशा गारेचा एक खडा धारेखाली आला की खाच पडलीच.

४.००, मालाड पश्चिम, पाडकामाची जागा

जुना बंगला पाडतायत. गेटपाशी राबिटाचा ढीग. मामांची खाण हीच. सायकल लावून ते उकिडवे बसतात.

आधी किल्लीने ठोकून बघतात. बद्द आवाज आला तर आत तडा, टाकून द्या. मग जुन्या पात्याचं टोक ओढतात. कडप्प्यावर पांढरी रेघ उठते. कोट्यावरही. म्हणजे पातं दगडाला खातंय, दगड पात्याला नाही. दोन्ही शेवटी चुनखडीच. पिवळसर मालाड दगडाचा एक चिरा निघतो. १९२२ साली खुलं झालेल्या, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला कुर्ल्याच्या करड्या दगडाबरोबर हाच लागलाय. कडक आहे, पण कण लहानमोठे. मामा तो मानाने बाजूला ठेवतात.

मग उंबऱ्याचा तांबूस तुकडा. वाळूचा दगड, उत्तरेकडून आलेला. पातं ओढल्यावर काळी रेघ राहते. ते लोखंड. पाण्याचा थेंब टाकला की लगेच पितो, म्हणजे कण मोकळे, कोयत्याच्या कामाचा. घासून निघालेला गाळ मामा बोटांत चोळतात, डोळे मिटून. मोठा कण लागत नाही. शीर नाही, थर सुटत नाहीत.

वॉचमन आलाय. "पन्नास रुपये."

"राबिटाचे?"

"मग तुम्ही कशाला बसलाय इतका वेळ?"

वीस रुपये आणि त्याच्या सुरीला फुकट धार, यावर मिटतं.

५.३०

मटणाच्या दुकानात तीन सत्तूर, एकशे वीस. शिंप्याच्या दोन कात्र्या, शंभर. कात्रीची फक्त बाहेरची उतरती कड घासायची. आतली सपाट बाजू चाकाला लावली की दोन पाती एकमेकांना भेटत नाहीत.

७.१५, कुरार

मांदेली चुलीवर. मामा पायरीवर बसून हिशेब करतात. आठशे साठ आले. वडापाव, पट्ट्याला लावायचं मेण, वॉचमनचे वीस वजा जाता सातशे पंचाण्णव. नवा तुकडा फरशीवर वाळू-पाणी घालून घासायला घेतलाय. एक अंग सपाट व्हायला चार रात्री जातील.

उद्या शनिवार. रविवारच्या गर्दीआधी मटणवाले सगळी हत्यारं बाहेर काढतात, आणि धारेचं चाक आता वाटीएवढंच उरलंय. मामा साडेतीनशे मोजून वेगळे ठेवतात.