आवाजाने दिलेली साक्ष

विद्यार्थी मित्रांनो, पिठाच्या गिरणीत एकदम जास्त धान्य पडले, की तिचा आवाज खाली उतरतो, हे तुम्ही ऐकले असेल. भार वाढला, फेरे मंदावले, की स्वरही उतरतो. याच साध्या नियमाने एका भीषण अपघाताचा उलगडा होण्यास मदत झाली.

5 ऑगस्ट 2008 ची संध्याकाळ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वीव्हरव्हिल गावाजवळच्या डोंगराळ अरण्यातून, वणवा विझवणाऱ्या जवानांना परत आणण्याचे काम चालले होते. सुमारे 1,800 मीटर उंचीवरून एस-61 जातीचे हेलिकॉप्टर 13 जणांना घेऊन उडाले, झाडांवर आदळले आणि कोसळून पेटले. 9 जण दगावले. त्याच दिवशीच्या दोन फेऱ्या तर सुखरूप झाल्या होत्या! मग तिसऱ्या खेपेस एखादे इंजिन बंद पडले काय?

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासनिसांनी वैमानिक-कक्षातील ध्वनिमुद्रण तपासले. फिरणाऱ्या भागाच्या आवाजाची कंप्रता त्याची गती सांगते. दोन्ही इंजिने पूर्ण शक्तीने चालू होती; माथ्यावरच्या पात्यांची गती मात्र घटत गेली होती. म्हणजे यंत्र बिघडले नव्हते, त्याला भार पेलवत नव्हता.

असे का व्हावे? पाती हवा खाली ढकलतात, म्हणून हेलिकॉप्टर वर उचलले जाते. 1,800 मीटर उंचीवर, समजा 20 अंश सेल्सिअस तापमानात, हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी भरते. विरळ हवेत पात्यांना पुरेसा जोर मिळत नाही, इंजिनाची शक्तीही घटते. शिवाय जमिनीलगत तरंगताना कमी शक्ती पुरते. जमीन दूर गेली, की ही सवलत संपते. म्हणूनच किती वजन उचलता येईल, हे उड्डाणापूर्वी तक्त्यांवरून काढतात.

येथेही ते काढले होते. पण 2010 मध्ये मंडळाने निष्कर्ष दिला, की हेलिकॉप्टर पुरवणाऱ्या कंपनीने रिकाम्या हेलिकॉप्टरचे वजन 500 किलोग्रॅमहून अधिक कमी दाखवले होते आणि शक्तीचा तक्ताही बदलला होता. सरकारी देखरेखही अपुरी पडली होती. तिसऱ्या खेपेपूर्वी इंधन भरल्याने भारात आणखी भर पडली. 2015 मध्ये कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याला फसवणुकीबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आकडेच खोटे असतील, तर बिनचूक गणितही चुकीचेच उत्तर देणार. पात्यांना कागदावरचे नव्हे, खरे वजन उचलावे लागते. तेव्हा मित्रांनो, उत्तर जुळावे म्हणून प्रयोगवहीतील वाचन बदलण्याचा मोह झालाच, तर त्या 9 जणांची आठवण ठेवा.