शरीरातील गव्हर्नर

वाफेच्या एंजिनावरील गव्हर्नरचे चित्र तुम्ही पाहिले असेल. एंजिनाचा वेग वाढला, की त्याचे फिरते गोळे बाहेर फेकले जातात, वाफेची झडप मिटू लागते आणि वेग आपोआप आवरला जातो. मित्रांनो, असाच एक गव्हर्नर आपल्या रक्तातही आहे!

रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होतात. आपल्याच शरीराला शत्रू समजणाऱ्या टी-पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. परंतु या चाळणीतून काही निसटतातच. त्यांना आवरते कोण?

उत्तर उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांची थायमस ग्रंथी काढली. प्रतिकारशक्ती दुबळी होईल, अशी अपेक्षा, घडले उलटेच! टी-पेशी उंदरांच्याच अवयवांवर तुटून पडल्या. निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्यावर मात्र हा आजार टळला. म्हणजे काही टी-पेशी इतरांना आवरत असल्या पाहिजेत. त्या थायमसमधून थोड्या उशिरा बाहेर पडतात. म्हणून त्या उंदरांना मिळाल्याच नव्हत्या. १९९५ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी या 'नियामक टी-पेशी' सीडी-२५ या पृष्ठभागावरील प्रथिनावरून ओळखल्या.

त्या काम कसे करतात? लढाऊ टी-पेशी इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन स्रवतात. त्यावर त्यांची संख्या वाढते. सीडी-२५ मुळे नियामक पेशी हेच प्रथिन अधिक घट्ट पकडतात व शोषून घेतात. लढाऊ पेशींची रसद तुटते, नियामक पेशी मात्र वाढतात. लढाई जितकी पेटते तितका लगाम आवळतो. आहे ना हा गव्हर्नर? (त्यांच्यापाशी इतरही उपाय असतात.)

२००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांनी उंदरांतील फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. नियामक पेशी घडविणारे जनुक हेच, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, अतिसार, त्वचारोग जडतात. या तिघा शास्त्रज्ञांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लगाम फार आवळला तरीही धोकाच. कर्करोगाच्या अनेक गाठींत नियामक पेशी गोळा होतात आणि लढाऊ पेशींना रोखून धरतात. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशी जाहिरात दिसली, तर विचारा : नेमकी कोणती पेशी वाढवायची, लढणारी की आवरणारी?